देशाची सुरक्षा आणि सरकारी यंत्रणांमधला समन्वय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लिहावंसं का वाटलं?

७ मे २०२५ला देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी सराव जाहीर झाला होता. त्यात आपलं ग्वाल्हेरही होतं. त्या संध्याकाळी लष्कर भागातल्या आमच्या घरी दिवे मालवून ओसरीत दहा-बारा जण बसलो होतो. आदल्या रात्रीच ऑपरेशन सिंदूर झालेलं, त्यामुळे सगळ्यांचेच आवाज जरा उतरलेले. शेजारच्या आजींनी अंधारात विचारलं, "हा भोंगा वाजवतं कोण गं? मिलिटरी की कलेक्टर?"

मी वीस वर्षं स्पर्धा परीक्षेच्या मुलांना लोकप्रशासन शिकवते. तरी आजींना पटेल असं एका वाक्यातलं उत्तर मला त्या क्षणी सुचलं नाही. त्यानंतर वर्गात, गणेशोत्सवातल्या गप्पांत, फोनवर असेच प्रश्न येत राहिले. ते इथे एकत्र केले आहेत.

मग भोंगा वाजवतं कोण?

विमान येतंय हे सर्वात आधी हवाई दलाला कळतं. तिथून इशारा नागरी संरक्षणाच्या नियंत्रण कक्षात येतो. १९६८च्या नागरी संरक्षण कायद्याच्या व्यवस्थेत जिल्ह्याचं नियंत्रण जिल्हाधिकाऱ्याकडे असतं, म्हणजे भोंगा प्रशासनाचा. रस्त्यावरचे दिवे घालवायचे नगरपालिकेने आणि वीजवाल्यांनी, रस्ते मोकळे ठेवायचे पोलिसांनी, आग विझवायची अग्निशमन दलाने, जखमींना उचलायचं आरोग्य खात्याने. यातल्या कोणाचाही साहेब दुसऱ्याचा साहेब नाही. म्हणून त्या दिवशीच्या सरावात हवाई दलाशी जोडणारी हॉटलाइन आणि रेडिओ चालतात का हे पाहणं ठरवून घातलेलं होतं. लोकांना भोंगा आणि अंधार लक्षात राहिला. माझ्या मते त्या दिवशीची सर्वात मोलाची तपासणी त्या फोनच्या तारेची होती.

समन्वय म्हणजे माहिती एकमेकांना देणं. एवढंच ना?

नाही. हा गैरसमज दूर झाला तरी पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

माझे बाबा पोलीस वायरलेसमध्ये होते. त्यांच्या नोंदवहीत दर पानावर हाताने आखलेले रकाने असायचे: संदेश कोणाकडून, कोणाला, किती वाजता आला, किती वाजता पुढे गेला. आणि अगदी उजव्या कडेला एक अरुंद रकाना, पावतीचा. समोरच्याने संदेश परत वाचून दाखवला, स्वतःचं नाव सांगितलं, की बाबा तिथे लाल शाईने वेळ टाकत. तो रकाना मोकळा असेल तर त्यांच्या लेखी संदेश गेलेलाच नसायचा. पाळी संपली तरी ते खुर्ची सोडत नसत. आई ताट वाढून बसायची आणि बाबा तिकडे कुठल्याशा ठाण्याची पावती येण्याची वाट बघत असायचे.

आपल्या जुन्या पत्रव्यवहारातही हे होतं. उत्तराची सुरुवातच व्हायची, "पत्र पाठविले ते पावले, मजकूर कळला." आधी पोच, मग बाकीचं. दूरदेशी फौजा असलेल्या मराठ्यांच्या कारभारात ही शिष्टाचाराची भर नव्हती, गरज होती.

समन्वयाच्या तीन पायऱ्या मी मुलांना सांगते: माहिती पोहोचली, ती कळली, आणि आता पुढचं कोण करणार हे नाव घेऊन ठरलं. आपल्याकडे पहिली पायरी बऱ्यापैकी होते. तिसरीवर घोळ होतो.

एवढ्या यंत्रणा हव्यातच कशाला? एकच मोठी करून टाका की!

देशातली गुप्तवार्ता आयबीकडे, परदेशातली १९६८ पासून रॉकडे, तांत्रिक टेहळणी एनटीआरओकडे, तिन्ही दलांची आपापली गुप्तवार्ता आणि त्यांना जोडणारी डीआयए, दहशतवादाचा तपास एनआयएकडे, आणि प्रत्येक राज्याच्या पोलिसांची विशेष शाखा. यादी लांबच आहे. पण सगळ्यांचं ऐकायचं, बघायचं, पकडायचं आणि खटला भरायचं बळ एकाच हाती देणारा देश फार काळ मोकळा श्वास घेत नाही. शिवाय परदेशात बसून माणसं जोडणं आणि ठाण्यात बसून पंचनामा करणं ही कौशल्यं वेगळी आहेत. यंत्रणा अनेक असू द्याव्यात. त्यांच्यातले दरवाजे उघडतात की नाही ते बघावं.

कारगिलच्या वेळी माहिती होती की नव्हती?

तुकड्यातुकड्यांनी होती. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जुलै १९९९मध्ये कारगिल पुनरावलोकन समिती बसली. तिच्या अहवालातली एक गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. जून १९९८मध्ये, म्हणजे घुसखोरी उघड होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, आयबीने त्या भागातल्या हालचालींबद्दल एक पत्र पाठवलं होतं. ते पंतप्रधानांना गेलं, गृहमंत्र्यांना गेलं, कॅबिनेट सचिव, गृहसचिव आणि लष्करी कारवायांचे महासंचालक यांना गेलं. पण ज्यांना त्याचा सर्वात जास्त उपयोग झाला असता त्या तिघांच्या नावाने ते नव्हतं: रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक. वरून खाली झिरपेल अशी अपेक्षा होती. झिरपलं नाही.

पत्र खोटं नव्हतं, लिहिणाऱ्याने आळस केला नव्हता, वाचणाऱ्यांची पदंही मोठी होती. पत्ता चुकला. पाचशेहून जास्त जवान त्या डोंगरांवर पडले त्याचं एकमेव कारण हे नक्कीच नाही, पण मला ते वाचून दरवेळी बाबांचा तो अरुंद रकाना आठवतो.

त्यानंतर काय बदललं?

बरंच बदललं. लालकृष्ण अडवाणी यांच्या मंत्रिगटाने फेब्रुवारी २००१मध्ये अहवाल दिला. त्याखाली चार कृतिदलं होती. गुप्तवार्तेचं गिरीश सक्सेना यांच्याकडे, अंतर्गत सुरक्षेचं एन. एन. व्होरा यांच्याकडे, संरक्षण व्यवस्थापनाचं अरुण सिंग यांच्याकडे, आणि सीमा व्यवस्थापनाचं आपल्या माधव गोडबोले यांच्याकडे. यातूनच मल्टी एजन्सी सेंटर, म्हणजे मॅक, आलं. सगळ्या यंत्रणांची दहशतवादाबद्दलची माहिती एका टेबलावर यावी म्हणून ते आयबीत उभं केलं गेलं. २००२मध्ये डीआयए, २००४मध्ये एनटीआरओ.

मला यातली सर्वात शहाणी सुधारणा वाटते ती 'एक सीमा, एक दल'. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर बीएसएफ, नेपाळ आणि भूतानला एसएसबी, चीनला आयटीबीपी, म्यानमारला आसाम रायफल्स. चूक झाली तर उत्तर कोणी द्यायचं हे त्यामुळे नकाशावरच लिहिलं गेलं.

तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा हीसुद्धा २००१चीच शिफारस. जनरल बिपिन रावत यांनी ते पद सांभाळलं १ जानेवारी २०२०ला. एकोणीस वर्षं! इथे खरंच चीड येते.

अमृतसरला ते विमान का अडवलं नाही?

२४ डिसेंबर १९९९. काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी-८१४ पळवलं गेलं आणि इंधनासाठी अमृतसरला उतरलं. पाऊण तास ते आपल्याच धावपट्टीवर उभं होतं. दिल्लीत संकट व्यवस्थापन गट बसला होता, अमृतसरला स्थानिक पोलीस होते, एनएसजीचे, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, कमांडो अजून पोहोचायचे होते. विमान हलू द्यायचं नाही यावर साधारण एकमत होतं, पण ते कसं आणि कोणाच्या हुकमाने, हे ठरेपर्यंत विमान उडालं. लाहोर, दुबई करत ते कंदहारला गेलं. तीन दहशतवादी सोडावे लागले, त्यांतल्या एकाने, मसूद अझहरने, पुढे जैश-ए-मोहम्मद उभी केली.

तेव्हा मी बारावीत होते. आज हे शिकवताना मुलं हमखास म्हणतात, "मॅडम, एक टँकर आडवा लावायचा होता ना!" खरं आहे. पण टँकर लाव असं सांगणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा एक माणूस आधीच नेमलेला असावा लागतो. पाऊण तासात तो शोधता येत नाही.

२६/११ला मुंबईत नेमकं कुठे अडलं?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांचं कोणी ना कोणी मुंबईत आहे. त्या रात्री माझी मावसबहीण दादरला अडकली होती आणि आम्ही इथे रात्रभर टीव्हीसमोर.

समुद्रमार्गे हल्ल्याचे इशारे आधी आले होते. पण समुद्राचे मालक तेव्हा अनेक होते: खोल समुद्रात नौदल, अलीकडे तटरक्षक दल, किनाऱ्याला राज्याचे सागरी पोलीस, बोटींच्या नोंदी मत्स्य खात्याकडे, गोदीत सीमाशुल्क. दहा जण पळवलेल्या 'कुबेर' बोटीतून आले आणि या सगळ्यांच्या मधल्या फटीतून मुंबईत उतरले. कमांडोंना मानेसरहून निघायचं होतं, दिल्लीत मोठं विमान तयार नव्हतं, ते चंडीगडहून मागवावं लागलं. पथक मुंबईला पोहोचलं तेव्हा पहाट झाली होती. १६६ जीव गेले.

पण त्याच रात्रीची दुसरी गोष्टही सांगायला हवी. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना कामा रुग्णालयाजवळ मारून दोघे अतिरेकी निघाले, पुढे त्यांनी एक स्कोडा पळवली. त्या गाडीचा निरोप वायरलेसवरून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपर्यंत पोहोचला. तिथल्या पोलिसांनी गाडी ओळखली, अडवली. तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलून कसाबची बंदूक सोडली नाही. त्यांच्या शौर्याबद्दल आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. मी त्यात एवढंच जोडते की त्या रात्रीच्या गोंधळात कोणीतरी तो निरोप नीट दिला, कोणीतरी तो नीट घेतला, म्हणून ओंबळे त्या जागी सज्ज उभे होते. त्यांच्यामुळेच एक अतिरेकी जिवंत हाती लागला.

पुढे त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर एनआयएचा कायदा झाला, मॅक चोवीस तास चालू लागलं, २००९मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, आणि एनएसजीचे तळ मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबादला उघडले.

दहशतवादविरोधी राष्ट्रीय केंद्र राज्यांनी का अडवलं? राजकारणच ना?

फक्त राजकारण म्हणून सोडून देऊ नका. २०१२ला केंद्र सरकारने हे राष्ट्रीय केंद्र, म्हणजे एनसीटीसी, जाहीर केलं, ते १ मार्चपासून सुरू व्हायचं होतं. ममता बॅनर्जी, नवीन पटनाईक, जयललिता आणि तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री असलेले नरेंद्र मोदी, अशा एकमेकांशी न पटणाऱ्या नेत्यांनी विरोध केला. कारण सातव्या अनुसूचीप्रमाणे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. आयबीच्या आत बसलेल्या एनसीटीसीला थेट अटक आणि झडतीचे अधिकार मिळणार होते, आणि तेही राज्यांशी आधी नीट न बोलता.

माझं मत असं की केंद्राची गरज खरी होती आणि राज्यांची हरकतही खरी होती. ज्याच्या शिपायाने शेवटी दार ठोठवायचं आहे त्याला आराखडा करताना न विचारणं, हीच समन्वयातली पहिली चूक होती.

पठाणकोट?

३१ डिसेंबर २०१५च्या रात्री अतिरेक्यांनी एका पोलीस अधीक्षकाचीच गाडी पळवली. अधीक्षकांनी सुटून आल्यावर सांगितलं, पण सुरुवातीला त्यांच्या सांगण्यावरच शंका घेतली गेली. इशारा होता, तरी २ जानेवारीला अतिरेकी हवाई तळाच्या आत होते. सात सुरक्षा कर्मचारी गेले. संसदेच्या गृह खात्याच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. निरोप पोहोचतो पण आणणाऱ्यावर विश्वास बसत नाही, असाही एक प्रकार असतो.

अमेरिकेत तर असं होत नसेल?

झालं आहे, आणि फार मोठ्या प्रमाणात. ११ सप्टेंबर २००१च्या अपहरणकर्त्यांपैकी दोघांवर सीआयएची नजर जानेवारी २०००पासून होती. ते अमेरिकेत राहत होते आणि देशातला तपास करणाऱ्या एफबीआयने त्यांचा शोध सुरू केला ऑगस्ट २००१च्या शेवटी. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर २००४मध्ये त्यांनी कायदा करून सगळ्या गुप्तवार्ता यंत्रणांवर एका संचालकाचं पद निर्माण केलं.

आपल्या ग्वाल्हेरचा याच्याशी काय संबंध?

आपण राहतो त्या भागाचं नावच 'लष्कर' आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि छावणीचं शहर झालं. आजही महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आहे, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची डीआरडीई ही प्रयोगशाळा रासायनिक आणि जैविक धोक्यांपासून बचावावर काम करते, आणि झाशी रस्त्याला टेकनपूरला बीएसएफची अकादमी आहे. २०२०मध्ये करोना आला तेव्हा पीपीई किटची चाचणी याच डीआरडीईत होत होती. संरक्षणाची प्रयोगशाळा, आरोग्य खातं आणि शिलाईचे कारखाने एका कामाला लागले होते.

टेकनपूरला श्वानांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही आहे. तिथे बीएसएफबरोबर इतर दलांची आणि राज्य पोलिसांची श्वानपथकं शिकतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकाच मैदानावर घाम गाळलेले दोन हवालदार पुढे वेगवेगळ्या राज्यांत गेले तरी एकमेकांचा फोन उचलतात. जानेवारी २०१८मध्ये देशभरच्या पोलीस महासंचालकांची परिषदही टेकनपूरलाच भरली होती.

आणि एक गोष्ट जड मनाने. २६ फेब्रुवारी २०१९ला बालाकोटवर गेलेली मिराज विमानं आपल्या ग्वाल्हेरची, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. दुसऱ्याच दिवशी बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असं उघडपणे मान्य केलं. एकाच दलात, एकाच तळावर हे घडू शकतं, तर वेगवेगळ्या खात्यांमध्ये किती काळजी घ्यावी लागेल याचा विचार करा. चूक जाहीरपणे कबूल करणाऱ्या त्या प्रमुखांबद्दल मला आदर वाटतो.

खालच्या पातळीवर समन्वय बिघडतो म्हणजे काय होतं?

स्वतः पाहिलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या रेल्वे स्थानकावर गाडीची वाट बघत होते. बाकाखाली एक निळी शाळेची बॅग, जवळ कोणी नाही. मी गस्तीवरच्या जवानाला सांगितलं. तो रेल्वे सुरक्षा दलाचा, म्हणजे केंद्राचा. तो म्हणाला, रेल्वे पोलिसांना सांगा. रेल्वे पोलीस राज्याचे, गुन्हा नोंदवायचं काम त्यांचं. त्यांच्या चौकीतला हवालदार म्हणाला, बॉम्बशोधक पथक शहर पोलिसांकडे आहे, साहेबांना विचारावं लागेल. दोघेही माझ्याशी नीट बोलले. दोघेही आपापल्या जागी नियमाने बरोबर होते. तेवढ्या वेळात त्या बाकावर एक बाई लेकराला घेऊन येऊन बसली, आणि तिला उठवणं हे काम मात्र कोणाचंच नव्हतं. ते मी केलं.

चाळीस मिनिटांनी बॅग उघडली. आत स्टीलचा डबा आणि लोकरीचा स्वेटर.

सगळ्यांना सगळं सांगितलं तर माहिती फुटणार नाही का?

फुटू शकते, आणि आयबी-रॉची ही भीती खोटी नाही. माहिती देणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. पण माहिती आणि तिचा उगम वेगळा करता येतो. ठाणेदाराला खबऱ्याचं नाव नको असतं, त्याला कोणती गाडी, कोणता रस्ता, साधारण केव्हा, एवढं हवं असतं.

सगळा डेटा जोडला तर आपल्या खासगीपणाचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हणू नये. नॅटग्रिडसारख्या व्यवस्थेतून बँक, प्रवास, फोन अशा नोंदी एका खिडकीतून दिसू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहे. आयबी आणि रॉ संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी संसदीय समितीही नाही. जोडणी वाढवायची तर कोणी, केव्हा, कशासाठी कोणाची नोंद पाहिली याचीही वही हवी आणि ती तपासणारा बाहेरचा माणूस हवा.

"सीबीआयमधून बोलतोय" असा व्हिडिओ कॉल आला तर?

फोन ठेवा. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. वेगवेगळ्या यंत्रणांची नावं एका दमात घेऊन माणसाला घाबरवणं हीच या चोरांची युक्ती आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. तिथे पोलीस आणि बँका एका यंत्रणेवर जोडलेल्या आहेत आणि रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येते. इथे एकेक मिनिट मोजलं जातं, लाजेने दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

तुमच्या मते आता काय करायला हवं?

नवीन संस्था नको, आहेत त्यांना एकत्र घाम गाळू द्या. पोलीस, निमलष्करी दलं, रेल्वे, रुग्णालयं यांचा जिल्हा पातळीवर वर्षातून दोनदा तरी न सांगता सराव व्हावा, आणि त्यात काय चुकलं ते लिहून ठेवावं. मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांना वर्षभर दुसऱ्या यंत्रणेत पाठवावं. चांगली खबर वेळेत पुढे देणाऱ्याचं त्याच्या गोपनीय अहवालात कौतुक व्हावं. आज श्रेय पकडणाऱ्याला मिळतं, म्हणून जो तो खबर मुठीत धरतो. मे २०२५मध्ये दिल्लीत नव्या रूपातल्या मॅकचं उद्घाटन झालं, ते चांगलंच आहे. जिल्ह्याच्या ठाण्यातून तिथे खबर गेली तर तिचं पुढे काय झालं हे ठाण्याला परत कळावं, ही माझी मागणी.

आम्हाला काही संशयास्पद दिसलं तर कोणाला सांगायचं?

११२. रेल्वेत किंवा स्थानकावर असाल तर १३९. वस्तूला हात लावू नका, आजूबाजूच्यांना शांतपणे लांब करा. जागा ओळखीच्या खुणेसकट सांगा: "महाराज बाडा चौकाजवळ" पुरेसं नाही, कोणतं दुकान, कोणती गल्ली ते सांगा. ज्याने फोन घेतला त्याचं नाव विचारा आणि वेळ लिहून ठेवा. पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर पुन्हा फोन करा, आणि सुरुवात अशी करा: "मी इतक्या वाजता अमक्यांना कळवलं होतं."

आमच्या ओसरीतल्या आजींनी हे दोन्ही नंबर देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर लिहून घेतले आहेत, शेजारी नाव आणि वेळ लिहायला जागा सोडून.